व्हॅनला नावं तीन, गिअरबॉक्स एकही नाही

कळंबोलीच्या एका वर्कशॉपात मी वॉरंटीच्या टेबलावर बसतो. जुने पार्ट भंगारवाला उचलून नेतो, किस्से मात्र कुणी नेत नाही, ते साठतच जातात. त्यात आमची व्हॅन बनवणारी कंपनी दोनदा विकली गेली. गाडी तीच, इंजिन तेच, नाव मात्र तिसरं. बरेचसे किस्से एकट्या बाळाराम पाटलांचे आहेत, तेवढेच सांगतो.

पाटील ओवे गावचे. बायको हिराबाई डबे करते, हे व्हॅनमधून खारघरच्या हॉस्टेलला पोचवतात. वॉरंटीतच गिअरबॉक्स गेला आणि डबे रिक्षातून जायला लागले. रोज उशीर. हॉस्टेलवाल्यांनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत गाडी आली नाही तर दुसरा माणूस बघतो. तेव्हापासून पाटील रोज माझ्यासमोर.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेल्पलाइन लावली. जुनी कंपनी म्हणे नव्या कंपनीला विचारा. नवी म्हणे गाडी जुन्याच्या काळातली, त्यांना विचारा. पाटलांनी दोन फोनवर दोन्ही नंबर लावले, स्पीकर चालू करून फोन माझ्या टेबलावर समोरासमोर ठेवले.

"आता तुमीच ठरवा, मी चा पिऊन येतो."

ते परत आले तेव्हा दोन्ही कंपन्या एकमेकींना, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं ऐकवत होत्या. पाटलांनी मलाही चहा आणला होता.

मग कुरिअर आलं. आम्ही सगळे धावलो. आत नव्या कंपनीचा चकचकीत बॅज आणि तो फुकट बसवून मिळेल असं पत्र! जुन्या बॅजवर हिराबाईंनी गाडी घेताना हळदकुंकू लावलेलं, त्यामुळे त्या तो काढू देईनात. शेवटी नव्यालाही हळदकुंकू लावून, नारळ फोडून बसवला. पाटील उभ्या गाडीकडे बघून एवढंच बोलले, "नाव आलं, गिअरबॉक्स नाय आला."

तोही आला, पण दुसऱ्याच मॉडेलचा. मी कपाळाला हात लावून बसलो. खरंच लाज वाटली मला. पाटील मात्र शांतपणे खोक्यावरची स्टिकरं नखानं काढत बसले. नव्या कंपनीच्या खाली मधली, तिच्या खाली जुनी, आणि सगळ्यांत खाली गिअरबॉक्स खरोखर बनवणाऱ्या कारखान्याचा पत्ता. तळोजा एमआयडीसी! म्हणजे यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

महिना संपायला दोन दिवस होते. पाटलांनी मला बाइकवर मागे बसवलं आणि थेट कारखाना गाठला. स्टोअर मॅनेजर सज्जन माणूस. सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि आम्हाला शेडच्या मागे घेऊन गेला. तिथे त्यांच्या कँटीनची व्हॅन विटांवर उभी होती. पाटलांच्या व्हॅनचीच जुळी बहीण.

तिचाही गिअरबॉक्स गेलेला. माल इथेच बनतो, पण वॉरंटीचा पार्ट गाडीच्या कंपनीकडूनच यायला हवा, असा नियम. क्लेम कळंबोलीला दिलाय, दोन महिने पत्ता नाही, असं तो सांगत होता. ती फाइल मला आठवली. तिच्यावर मी चहाचा कप ठेवतो.

मॅनेजरनं पाटलांच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या वर्कशॉपात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का हो?"

पाटलांनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्यो हाय ना. मी पन याच्याच भरवशावर हाय."