दोन-दोन सेकंदांची उडी

माझी मावशी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं होती. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिची घडी इतकी काटेकोर, की तिथं तिला सगळे घडीताईच म्हणत. पंचवीस वर्षं झाली तेव्हा सोबतच्या बायकांनी तिला मनगटी घड्याळ दिलं. घडीताईला घड्याळ, एवढाच त्यातला विनोद. त्याच्या पाठीला काच होती. हात हलला की आत अर्धचंद्रासारखं एक वजन घुर्र करत फिरायचं, पण सेकंदकाटा मात्र सेलच्या घड्याळासारखा एकेक घर पुढे सरकायचा. मावशीनं त्यावर कधी डोकं चालवलं नाही. सहा वर्षं ते सेल न बदलता चाललं, तिला तेवढं पुरे होतं.

निवृत्त होऊन दीडेक महिना झाला असेल. दुपारी खिडकीशी बसली असताना तिला दिसलं, की काटा एक घर गाळून उडी मारतोय. दोन, मग थेट चार, मग सहा. तिनं डोळे चोळले, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. वेळ अगदी बरोबर. मग मधला सेकंद जातो कुठे? तिला वाटलं, काटा नीटच चाललाय, आपल्यालाच तो मधला सेकंद दिसत नाहीये. तिच्या आईचं शेवटी शेवटी असंच झालं होतं, अधलंमधलं निसटायचं.

आठवडाभर तिनं कुणाला न सांगता स्वतःची परीक्षा घेतली. पाढे म्हटले, जुन्या सोबतिणींची नावं आठवून पाहिली. सगळं ठीक. डोळे तपासून घेतले, तर नजर उत्तम निघाली. तशी ती जास्तच गोंधळली. शेवटी मला बोलावून घेतलं आणि घड्याळ पुढे केलं.

"तुला काय दिसतंय? खरं सांग."

"काटा उड्या मारतोय, मावशी."

तिचा जीव भांड्यात पडला.

आम्ही दोघी घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. साठीचा माणूस, डोळ्याला भिंग लावलेलं. तो म्हणाला, हे ना धड चावीचं, ना धड सेलचं. वजन फिरलं की वीज तयार होते, ती आत साठते, आणि वेळ मोजतो तो एक इवलासा स्फटिक. वीज कमी झाली की काटा अशा उड्या मारून कळवतो. हाताबरोबर जे वजन फिरतं ते वेळ मोजतच नाही, हे मावशीला काही केल्या पटेना. मग त्यानं सहज विचारलं, "दिवसभर हाताला काम असतं का, बाई?"

"आता नसतं."

"मग तेच. घड्याळ उपाशी आहे तुमचं."

हे तिच्या जिव्हारी लागलं. घरी येताच तिनं कपाटं उपसली, एकूणएक चादर उलगडून पुन्हा घडी केली. मग शेजाऱ्यांचे कपडे इस्त्रीला मागून आणले. अंगावरचा शर्ट तेवढा राहू दे, असं काका तिला रोज सांगायचे. पंधरा दिवस हे चाललं. काटा दिवसा सरळ चालायचा, सकाळी पाहावं तर पुन्हा उड्या. एवढं राबूनही हे उपाशी कसं?

ती पुन्हा दुकानात गेली. त्यालाही आधी कळेना. वजन ठीक, स्फटिक ठीक. दोन दिवस घड्याळ ठेवून घेतल्यावर त्याला उमगलं, की वीज साठवणारी चकतीच थकली होती. कितीही वीज भरा, टिकत नव्हती. आधी तीच बघायला हवी होती, माझंच चुकलं, असं त्यानं सरळ कबूल केलं आणि नवी चकती बसवली.

आता ते टेबलावर पडून राहिलं तरी महिनाभर चालतं. मावशीनं मात्र घड्याळ परत घेताना त्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारलंच, "म्हणजे ती आधीच खराब होती आणि माझ्या हातांनी निभावून नेली? की मी बसून राहिले म्हणून खराब झाली?"

दोन्ही होऊ शकतं, म्हणाला. त्यातलं एक सांगा, असं तिनं दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं.

शेजारी अजून कपडे आणून देतात. नको कसं म्हणावं, हे तिला कळत नाही. नको म्हणायचं आहे का, हेही.