दप्तरखोलीची कडी

"बाहेरून कडी लावा," असं म्हणून साहेब दप्तरखोलीत शिरायचे.

नव्वदच्या दशकात ते कोल्हापूरच्या कोर्टात न्यायाधीश होते आणि मी त्यांचा लघुलेखक. शिक्षा सुनावायच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ते वर्षांचा आकडा चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवत. मग चेंबरमागच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत स्वतःला दहा मिनिटं कोंडून घेत. घड्याळ माझ्याकडे.

"किती झाली?" बाहेर येताच विचारत.

"दहा."

"आत वीस वाटली."

कधी आकडा तसाच राही, कधी सहा महिने कमी होत.

शिपाई मला म्हणे, "कोंडून घ्यायला साहेब काय आरोपी हायत व्हय? आत साप निघाला तर काय करायचं ओ?"

मी हसायचो, पण कडी सरकवण्याआधी आत एकदा डोकावून घ्यायचो.

त्या दिवशीचं प्रकरण उसाच्या पाण्याच्या पाळीचं होतं. भांडणात एकाने शेजाऱ्यावर कोयता चालवला होता. शेजाऱ्याची दोन बोटं गेली होती. व्हरांड्यात आरोपीची बायको आणि तो शेजारी एकाच बाकावर बसले होते, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. चिठ्ठीवर सात होते.

मी कडी लावली आणि फोन वाजला. वडील पडले होते, दवाखान्यात नेलं होतं. मी तसाच धावलो. शिपाई जेवायला घरी गेलेला, आणि बोलावल्याशिवाय चेंबरमध्ये कुणी येत नसे.

वडील शुद्धीवर आले, तेवढ्यात वॉर्डाच्या दाराची कडी वाजली. साहेब अजून कोंडलेलेच होते. साहेबांना रक्तदाबाचा त्रास होता. रिक्षात बसलो तेव्हा पत्ताही नीट सांगता येईना.

कडी काढली. साहेब दाराला चिकटूनच उभे होते. शर्ट भिजलेला, मुठी लाल. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

"किती झाली?"

"दीड तास, साहेब. चूक झाली. वडील पडले..."

"कसे आहेत?"

"बरे आहेत. आठवलं तसा रिक्षाने आलो."

ते पाणी प्यायले. "इतके दिवस मी नुसतं मोजत होतो," ते म्हणाले. "आज घाबरलो."

सातावर काट मारून त्यांनी तीन लिहिले. निकाल ऐकताना तो शेजारी आपल्या हाताकडे बघत राहिला. माझ्या विसरण्याने त्याच्यावर अन्याय झाला का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी मी विचारलं, "मला काय शिक्षा, साहेब?"

"झाली की तुम्हाला. रिक्षात."

पुन्हा कधी त्यांनी कडी लावायला सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर ते कळंब्याला राहायचे. गेल्या महिन्यात ते गेल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "या, आतच ठेवलंय."

खोलीचं दार सताड उघडं होतं. त्याला कडी नव्हती. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती, जुनी, रंगाने अर्धी बुजलेली. मी एकावर बोट ठेवलं आणि तसाच उंबऱ्यावर उभा राहिलो.