आमचं विलायती टेबल

सागाच्या भुशाचा वास आला की मला कोरीट गावच्या आमच्या घरातलं बिलियर्डचं टेबल आठवतं. काकांनी ते तरुणपणी एका जुन्या बंगल्याच्या सामानातून आणलं होतं, आणि कापूस बघायला आलेल्या व्यापाऱ्यालाही ते हिरव्या कापडावरून हात फिरवत सांगत, "इलायतनं शे." बनवणाऱ्याची पाटी मात्र कुठेच नव्हती, नुसती स्क्रूची दोन भोकं होती. एका उन्हाळ्यात टेबलाचा पाय तडकला, म्हणून तळोद्याहून एक म्हातारे सुतार आले. ते टेबलाखाली शिरले आणि एकेक सांधा चाचपू लागले. मग खालून आवाज आला, "बापू, हाई टेबल मन्हा बापना हातनं शे. सांधामा पिंपयनं पान कोरेल शे. तो अंगठाबहाद्दर व्हता, हाईच त्यानी सही." आम्ही सगळे काकांकडे बघायचं टाळत होतो, त्यांची आयुष्यभराची ऐट एका वाक्यात गेली होती. काकांनी बाह्या वर सारल्या. मग दुखरे गुडघे सांभाळत खाली बसले, सरपटत आत शिरले आणि म्हणाले, "कोठे? माले दखाड." दोघे म्हातारे पाठीवर पडून त्या पिंपळपानावर बोट फिरवत राहिले. सुतारांचे डोळे भरून आले, कारण वडिलांच्या हातचं त्यांच्या घरी काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काका येईल त्याला सांगू लागले, "तळोदानं शे, वाकीसन दखा." आता काका नाहीत. परवा जावईबापूंनी टेबल कुठलं म्हणून विचारलं, तर मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि त्यांना सरळ टेबलाखाली झोपायला लावलं.