दलदलवालीतली कोरी ओळ

माणसाच्या घशातून कितीही भयंकर आवाज निघाला तरी त्यात एक धड वाक्य असतंच, आणि ते वाक्य नीट कळेपर्यंत त्या माणसाबद्दल मत बनवायचा आपल्याला अधिकार नाही, असं मानणारा आणि तसंच वागणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो म्हणजे व्हर्जिनियातल्या हर्नडन गावचे माझे घरमालक काका. वय साठीच्या आसपास, मूळचे वर्ध्याकडचे, व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून त्यांची यादी करणारे. पण स्वभाव असा की चूक दाखवतानाही त्यांनाच अपराधी वाटे. आवाज इतका मऊ की सँडविचच्या दुकानात 'नो ऑनियन' एवढे दोन शब्द तीनदा सांगावे लागत आणि तरीही कांदा येई. मग देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ते तो कांदा निमूट खात. तीस वर्षांत त्यांनी गाडीचा हॉर्न एकदाच वाजवला होता, तोही चुकून, आणि पुढच्या सिग्नलला काच खाली करून त्या बाईंची माफी मागितली होती.

आणि हाच माणूस फ्लॉरिडातल्या एका जुन्या डेथ मेटल बँडवर जीव ओवाळून टाकत होता. हे संगीत ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना थोडक्यात सांगतो. गिटार लाकडाच्या वखारीतल्या करवतीसारखी चालते, ड्रम वाजवणाऱ्याला कोणीतरी मागे लागल्यासारखं वाटत असतं, आणि गायक गात नाही, तो पोटातून गुरगुरतो. विषय एकच: मरण, आणि मेल्यानंतर देहाचं काय काय होतं. काकांचा बँड तर 'ओल्ड स्कूल', म्हणजे जुन्या वळणाचा. त्यात गोडवा आणणाऱ्या कुठल्याही वाद्याला प्रवेश नव्हता. तळघरातून तो आवाज सुरू झाला की काकू वरून ओरडत, "अहो, तुमची म्हैस व्यायला लागली, दार लावून घ्या!" काका दार लावत. म्हशीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

त्या बँडचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला ते पहिले चार महिने वाचताच आलं नव्हतं. काकांच्या काळ्या टीशर्टांवर ते इतक्या काट्याकुट्यांनी लिहिलेलं असे की मला ते उपटलेल्या झाडाचं चित्र वाटे. मराठी मंडळाच्या पिकनिकमध्ये एका मावशींनी कौतुकानं विचारलंसुद्धा, "छान आहे हो, झाडाची मुळं का?" काका म्हणाले, "हो, मुळंच आहेत." खोटं बोलायचं नाही आणि समोरच्याला ओशाळवाणंही करायचं नाही, हे त्यांना असं जमे. ते टीशर्ट ते स्वतः हातानं, उलटे करून धूत, आणि काकूंच्या साड्यांसारखे सावलीत वाळवत.

बँडचे एकूण चार अल्बम. काका त्यांची खरी नावं कधी घेत नसत; घरातल्या माणसांना हाक मारावी तशी त्यांना हाक मारत. पहिली 'दलदलवाली', कारण मुखपृष्ठावर फ्लॉरिडाची दलदल आणि तिच्यातून वर आलेला एक हात. दुसरी 'कवटीवाली'. चौथी 'म्हातारपणाची', कारण ती बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर आली होती. तिसरीत मंडळींना कोणीतरी कीबोर्ड घ्यायला लावला होता. तिचा विषय निघाला की काका चष्मा पुसत आणि म्हणत, "त्या दिवसांत त्यांची संगत बदलली होती." घरातला एखादा मुलगा काही वर्षं वाईट मार्गाला लागून परत यावा, तशा आवाजात. दर अल्बमनंतर ते बँडला रीतसर डिफेक्ट रिपोर्ट पाठवत. 'चौथं गाणं, दोन मिनिटं अकरा सेकंद, ड्रम अर्धा ठोका मागे. गांभीर्य: किरकोळ.' गायकाकडून एका ओळीचं उत्तर येई: 'ते मुद्दाम आहे.' काका ते उत्तर फाइलला लावत आणि समाधानानं म्हणत, "बघ, डिझाइनच तसं आहे."

मी गंगाखेडचा. मराठी शाळेत शिकलेला आणि घराण्यातला पहिला पदवीधर. नाना, म्हणजे माझे वडील, बाजार समितीत हमाल. सांडपाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रात मास्टर्स करायला मी हर्नडनजवळ आलो आणि काकांच्या घरी एक खोली घेतली. पहिल्याच शनिवारी सकाळी तळघरातून तो आवाज आला. काकांचा घास अडकला असं समजून मी पाण्याचा ग्लास घेऊन जिना उतरलो. पाहतो तर समोर चांगला सोफा असताना काका एका पालथ्या बादलीवर डोळे मिटून बसलेले. चेहऱ्यावर ध्यानाला बसल्याची शांती. डोळे न उघडता म्हणाले, "पाणी ठेव. बस. आठवं गाणं सुरू आहे."

बादलीचा इतिहास मला नंतर कळला. काका विद्यार्थी म्हणून फ्लॉरिडात आले तेव्हा त्यांच्या खोलीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही चार पोरं तालीम करत. दुसऱ्या दिवशी परीक्षा, म्हणून काका तक्रार करायला गेले. पण त्यांची तक्रार इतकी सौम्य आणि उच्चार इतका वर्ध्याचा, की पोरांना वाटलं हा ऐकायला आत येऊ का असं विचारतोय. त्यांनी आनंदानं बादली पालथी करून दिली. आता उठून गेलो तर बरं दिसणार नाही, म्हणून काका दोन तास बसले. दुसऱ्या दिवशी पोरांनी खिडकीतून हाक मारली आणि ते पुन्हा जाऊन बसले. वर्षाच्या शेवटी दलदलवालीची पहिली कॅसेट त्यांच्या हातात पडली आणि मंडळी व्हॅनमध्ये बसून गावोगाव हिंडायला निघून गेली.

"पण काका, आवडलं काय तुम्हाला त्यात?" मी एकदा विचारलंच. त्या आठवड्यात मी फार खचलो होतो. प्रोफेसर काय बोलतात ते मला निम्मं कळत नव्हतं. वर्गात सगळे हसले की मी मागून हसत होतो. काकांनी आठवं गाणं लावलं.

"काय कळलं?"

"काहीच नाही."

"अमेरिकन पोराला बसव इथं. त्यालाही काहीच कळणार नाही. अरे, मी आलो तेव्हा दुकानात, वर्गात, बसमध्ये, सगळीकडे मीच एकटा मठ्ठ. त्या शेडमध्ये पहिल्यांदा मी सगळ्यांच्या बरोबरीला आलो. मग कॅसेट मिळाली तेव्हा एकेक ओळ तीस-तीस वेळा ऐकली. तिसाव्यांदा शब्द सुटतो बघ. काऊन रे, तुझा प्रोफेसर याच्याहून वाईट बोलतो का?"

प्रोफेसर याच्याहून बरंच स्पष्ट बोलत होते. त्या दिवसापासून मी त्यांची परवानगी घेऊन लेक्चर रेकॉर्ड करू लागलो आणि तळघरात काकांशेजारी बसून, कानात हेडफोन घालून, एकेक वाक्य सुटेपर्यंत ऐकू लागलो. आज माझ्या नावापुढे जी काही पदवी लागते, तिच्यात त्या तळघराचा वाटा मोठा आहे.

काकांनी गाडी चालवायलाही मला बँडच्या मदतीनंच शिकवलं. वेगवान गाण्यांनी पाय आपोआप दाबला जातो, म्हणून हायवेवर शिरताना ते कवटीवालीतलं एक संथ गाणं लावत. "गुरगुर थांबली की इंडिकेटर, गिटार रडायला लागली की शिर," अशी त्यांची शिकवण होती. अजूनही हायवेवर शिरताना माझ्या मनात ती गिटार रडते.

पण काकांचं खरं धन म्हणजे एक दोनशेपानी वही. दलदलवालीच्या कॅसेटसोबत गाण्यांचे शब्द छापलेले नव्हते. काकांनी ते ऐकून ऐकून उतरवले होते, आणि तेही देवनागरीत. "इंग्रजीत घशातले आवाज लिहायची सोय नाही," ते समजावून सांगत. "आपल्याकडे घशासाठी पहिली रांगच राखून ठेवली आहे. क, ख, ग, घ, ङ. हा सगळा मामला कंठ्य आहे." नऊ गाणी, मोत्यासारख्या अक्षरात. फक्त आठव्या गाण्यातली शेवटून दुसरी ओळ कोरी. तिथं पेन्सिलनं फिकट असं काहीतरी लिहिलेलं होतं आणि त्यावर काकांचा अंगठा नेहमी असे.

मग एके दिवशी गायकाचं पत्र आलं. दलदलवाली पुन्हा निघणार होती, या वेळी शब्दांसकट. पण मूळ कागद कधीच हरवले होते, बँडमधल्या कोणाला ते पाठ नव्हते, आणि गायकाच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. आता तो फक्त कुजबुजू शकत होता. 'तुम्ही आमच्या चुका इतक्या नीट मोजता, तुमच्याकडे शब्द असतील का?' लेकीकडे जाताना वाटेत एका शनिवारी तो हर्नडनला येणार होता. काकांनी तीन रात्री झोप घेतली नाही. एकीकडे आनंद, दुसरीकडे धास्ती. ती ओळ सांगू शकणारा माणूस जगात एकच होता आणि त्याचाच गळा गेला होता. त्याला आठवली नाही तर वही कायमची अपुरी राहणार होती.

आधीचा सगळा आठवडा काका वाचत होते आणि मी इंग्रजीत टाइप करत होतो. सडणं, कुजणं, झडणं, पाझरणं, या प्रत्येक क्रियेला इंग्रजीत किती नेमके शब्द आहेत हे मला तेव्हा कळलं. त्यातले दोन मी सेमिनारमध्ये गाळाचं वर्णन करताना वापरले, तर प्रोफेसर थक्क होऊन म्हणाले, "हे शब्द तू कुठे शिकलास?" मी खरं तेच सांगितलं, घरमालकांकडे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी गायक आला. दाराएवढा उंच, पांढरी दाढी, गळ्याला रुमाल. काकूंनी केलेले साबुदाण्याचे वडे त्यानं बारीक तुकडे करकरून, पण सहा खाल्ले. तेव्हापासून काकूंनी म्हैस हा शब्द सोडला. मग आम्ही तळघरात गेलो. त्यानं पालथी बादली पाहिली, मग काकांकडे पाहिलं, मग पुन्हा बादलीकडे. इतकी वर्षं डिफेक्ट पाठवणारा माणूस आणि शेडमधला तो मुलगा एकच आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. काकांनी पत्रात कधी लिहिलं नव्हतं, कारण त्याचा रिपोर्टशी संबंध नव्हता. तो कुजबुजला, "तू... बादलीवाला?" काका खाली मान घालून म्हणाले, "खरं तर मी तक्रार करायला आलो होतो." तो इतका हसला की आवाजच आला नाही, नुसते खांदे हलत राहिले.

मग नऊ गाणी तपासली गेली. आठव्यातल्या कोऱ्या ओळीपाशी काका थांबले. त्यांनी विचारलं. गायकानं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि नकारार्थी मान हलवली. "नाही आठवत. तुला काय ऐकू येतं?"

"मी खात्री नसलेलं काही लिहीत नाही."

"पेन्सिलनं लिहिलंयस की."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू सुटका कर. मी कसली सुटका करणार? त्यांनी अंगठा बाजूला केला. तिथं लिहिलं होतं, 'जेवलास का?'

"मूर्खपणा आहे," काका जवळजवळ त्याच्याइतकंच हळू बोलले. "पहिलं वर्ष होतं. त्या वर्षी मला हे कोणीच विचारत नव्हतं. आणि तुम्ही त्या ओळीवर आलात की मला स्पष्ट ऐकू यायचं. माझ्या आईच्या भाषेत. अर्थ असा की, पोटात काही गेलं का."

गायकानं त्या पेन्सिलच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग त्यानं माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "ते बरोबरच असणार. रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही चौघंही उपाशी होतो. लिही."

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. विषय तिसऱ्या अल्बमचा नव्हता.

नवी दलदलवाली निघाली. थडगी आणि किडे यांच्या इंग्रजी गर्दीत तेवढी एक ओळ देवनागरीत छापलेली आहे. प्रश्नचिन्ह मात्र छापायचं राहून गेलं. काकांनी लगेच डिफेक्ट पाठवला, गांभीर्य किरकोळ, आणि उत्तर आलं, 'ते मुद्दाम आहे.' आता दर रविवारी दोघं फोनवर बोलतात. काकू सांगतात, "एकाला आवाज नाही, दुसऱ्याचा कधी नव्हताच. दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही, पण फोन कोणी ठेवत नाही."

माझाही रविवारी एक फोन असतो, गंगाखेडहून. नाना चौथीपर्यंत शिकलेले, मी कॉलेजसाठी परभणीच्या बसमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हापासून त्यांचा फोनवर एकच प्रश्न असतो, "पोचलास का?" मी आठ दिवस घराबाहेर पडलो नसलो तरी तोच. आता मी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला असतो. काकांनी पाठवलेली नवी रेकॉर्ड माझ्याकडे आहे आणि काकांनी शिकवल्याप्रमाणे आठवं गाणं मी तीस वेळा ऐकलं आहे. काका फोनवर विचारतात, "येतं का रे स्पष्ट ऐकू, जेवलास का?" मी हो म्हणतो. त्यांच्याशी बोललेलं माझं हे एकच खोटं.

कारण मला तिथं 'पोचलास का?' ऐकू येतं. अगदी स्पष्ट, नानांच्या आवाजात. काकांना सांगितलं तर ते वही काढतील, ती ओळ पुन्हा कोरी करतील आणि नवा डिफेक्ट उघडतील. म्हणून मी कोणाला काही सांगत नाही. सुई उचलून त्या ओळीच्या थोडी अलीकडे ठेवतो, आणि ती आली की हळूच उत्तर देतो, "हो नाना. पोचलो."