फोनातले सगळे ‘हे’

आमच्या गावात नवऱ्याचं नाव बायकोच्या तोंडात येत नाही आणि तिच्या फोनमध्येही येत नाही. तिथे तो ‘हे’ असतो. मी लग्न होऊन पनवेलहून बोर्ली पंचतनच्या पुढच्या या गावात आले, तेव्हा माझ्या फोनमध्ये नवरा नावाआडनावासकट होता. थोरल्या जाऊबाईंनी एकदा ते पाहिलं. “नाव टाकलंस व्हय गो? तो काय प्लंबर हाय?” मी हसले, पण त्याच दुपारी नाव खोडलं आणि ‘हे’ लिहिलं. घरात शांतता राहणार असेल तर मी कुणालाही ‘हे’ म्हणायला तयार असते.

जाऊबाई आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. गट आठ जणींचा. कोकम, आंबोशी, सोडे, मसाला असा आमचा माल, आणि कारखाना म्हणाल तर आमच्या वाडीतली पत्र्याची शेड. वाडी माझ्या नवऱ्याच्या आणि थोरल्या दिरांच्या नावावर आहे. पण तिच्यातल्या पोफळी आणि जायफळं जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने लावलेली, कळशीने पाणी घालून जगवलेली. त्या झाडांशी बोलतात. माझ्याशी बोलतात त्यापेक्षा गोड बोलतात, आणि हे मी त्यांना पुष्कळदा ऐकवलेलं आहे.

ऑर्डरी आठ फोनांवर यायच्या आणि गोंधळ सोळा घरांत व्हायचा. एकच गिऱ्हाईक एकीच्या फोनमध्ये ‘दादरच्या बाई’, दुसरीच्या फोनमध्ये ‘कमी तिखट’. मग त्या बाईंना दोनदा सोडे जायचे आणि ठाण्याचं कुणीतरी वाट बघत बसायचं. मी लग्नाआधी नवी मुंबईतल्या ऑफिसात अशाच कामाला होते, त्यामुळे माझे हात शिवशिवत होते. मी गटासाठी एक सामाईक इनबॉक्स उघडला. आठही फोनमधले नंबर त्यात आपोआप यावेत, कुणी काही नवीन लिहिलं की सगळ्यांना दिसावं, अशी जोडणी केली. अॅपने मला दोन प्रश्न विचारले. सारख्या नावाचे नंबर एकाच माणसाचे समजून जोडू का? मी म्हटलं, जोड. एका माणसाचे बरेच नंबर असतील तर मेसेज सगळ्यांवर पाठवू का? मी म्हटलं, पाठव. आमच्या चाकरमानी गिऱ्हाइकांकडे दोन दोन सिमकार्डं असतात, एकाला गावात रेंज नाही आणि दुसऱ्याला मुंबईत. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भाताची पेज झाली.

तेवढ्या वेळात आठ फोनमधले आठ ‘हे’ एकमेकांना चिकटले आणि आठ नंबरांचा एकच दांडगा ‘हे’ तयार झाला. मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

त्याच आठवड्यात एका सकाळी जाऊबाई बोर्लीच्या बाजारातून परत आल्या आणि पिशवी न उतरवता शेडमध्ये बसल्या. मासळीवालीने त्यांना सहज विचारलं होतं, वाडी रिसॉर्टवाल्याला देताय ना, तुमचे मालक परवा एजंटाबरोबर दिसले, सोमवारी सह्या आहेत म्हणे. गावातल्या मासळीवालीला ठाऊक, एजंटाला ठाऊक, आणि जिने झाडं लावली तिला ठाऊक नाही. शेड जाईल, गटाचं काय होईल, ही माझी काळजी. जाऊबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “जायफळाला पहिल्यांदाच नीट फळ धरलंय गो.”

मग त्यांनी फोन काढला. गटाच्या अॅपमध्ये अक्षरं मोठी दिसतात म्हणून त्या हल्ली सगळं तिथूनच लिहीत. ‘हे’ शोधला आणि लिहिलं, “लवकर घरी या. मला सगळं कळलंय.”

दीर यायला वेळ होता. तोवर गटातल्या बाकीच्या जणीही आल्या आणि आम्ही आंबोशी भरायला बसलो.

पहिली आली मिनीडोर रिक्षा. तिचा मालक, आमच्या खजिनदारणीचा नवरा, प्रवासी नाक्यावर ताटकळत ठेवून थेट शेडमध्ये शिरला आणि बायकोसमोर उभा राहून म्हणाला, “पत्ते एकदाच खेळलो. देवाशपथ, बघायला म्हणून बसलेलो.” खजिनदारणीला काहीच ठाऊक नव्हतं. पण बाई हुशार. हातातली पिशवी बांधत ती म्हणाली, “आणि?” त्याने पुढचंही सांगितलं.

मग दुसरीचा फोन वाजला. तिचा नवरा बोटीवरून नुकता जेट्टीला लागला होता. तिच्या माहेरी द्यायला सांगितलेली मोठी सुरमई तिकडे पोचलीच नव्हती, त्याने ती स्वतःच्या बहिणीकडे दिली होती, आणि हे तो एवढ्या मोठ्याने सांगत होता की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. तिसरा किराणा दुकानदार. तो शनिवारचा उपास धरतो आणि बायको त्याच्यासाठी साबुदाणा भिजवते. शनिवारी संध्याकाळी तो नाक्यावर आम्लेटपाव खातो, असं त्याने मान खाली घालून सांगितलं.

आता मात्र मी अॅप उघडलं, आठ नंबरांचा तो ‘हे’ पाहिला आणि हसू आवरेना म्हणून मसाल्याच्या डब्यात तोंड घातलं, ते भलतंच महागात पडलं. शिंका आवरल्यावर मी सगळ्यांना प्रकार सांगितला: जाऊबाईंचा मेसेज गटाच्या नंबरवरून आठही जणांना गेला होता आणि प्रत्येकाला तो आपल्याच बायकोचा वाटला होता. आमच्यातल्या एकीचे यजमान केव्हाच वारले, पण तिने त्यांचा नंबर काढलेला नव्हता. कंपनीने तो कुणा भलत्याच माणसाला दिलेला. त्याचंही उत्तर आलं होतं, “चुकलो. उद्या बोलूया का?” तिने ते वाचलं आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, आमचे असते तर ‘उद्या’ नसते म्हणाले, ‘बघू’ म्हणाले असते.

मी अगदी रंगात आले होते. पुढचा कोण येतो आणि काय कबूल करतो, यावर खजिनदारणीशी पैज लावणार, एवढ्यात माझा नवरा दारात दिसला.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चप्पल काढली, परत घातली. “दादा म्हणाला म्हणून मी हो म्हटलं,” तो म्हणाला. “सही अजून केलेली नाही. तुला सोमवारनंतर सांगणार होतो.”

वाडी दोघांच्या नावावर, म्हणजे सही दोघांची लागणार, हा साधा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी दिरांवर दात धरून बसले होते आणि माझ्याच ताटात रोज जेवणारा माणूस त्यात होता. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. लोकांच्या आम्लेटपावाला हसणारी मी आता कुणाकडे बघू, कळेना. खजिनदारणीने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

दीर सगळ्यांच्या शेवटी आले, तोवर जेट्टीवरचा आणि राहिलेले दोघेही येऊन बसले होते. भर दुपारी शेडच्या ओट्यावर एवढे पुरुष गुपचूप बसलेले बघून ते लांबूनच थबकले. “कोन गेलं?” त्यांनी विचारलं.

“अजून कोन न्हाय,” मिनीडोरवाला म्हणाला.

जाऊबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसले. “सोमवारी सही करताय म्हणे. मला विचारलंत?”

दिरांनी आधी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग झाडांकडे. “तुला काय विचारायचं त्यात? कागदावर तुझं नाव हाय का?”

ते रागाने नाही म्हणाले. आज आभाळ आहे म्हणावं, तसं म्हणाले. त्यामुळेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोवर जाऊबाईंनी हातातला फोन त्यांच्यापुढे धरला.

“माझ्या फोनात तुमचं तरी नाव कुठं हाय? म्हणून तुम्ही माझे कोन न्हाय व्हय?”

माझा नवरा उठून उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “दादा, मी सही करणार नाही.” दिरांनी ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ते जाऊबाईंकडेच बघत होते. मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, चष्मा वर सरकवून नंबर शोधला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत एजंटाला लावला.

“वाडीचं ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “घरात विचारलं. घरात न्हाय म्हणतात.”