दोन टोपल्या मीठ

हिरामण मिठागरात वाढला. बापाच्या मागं मीठ ओढता ओढता मिसरूड फुटलं, आणि मग स्वारी मुंबईला पळाली ती तारजोडणी शिकून, टोपी चढवूनच परतली. एकोणीसशे तीसनंतर पेणच्या खाडीकाठी गिरण्यांत वीज आली, तेव्हा जोडणी तपासून दाखला देणारा हाच. त्याची सही पडल्याशिवाय कुणाची मोटर फिरत नसे. केवढा तोरा होता गड्याचा!

अंबाजीशेटची भाताची गिरण त्यानं भर श्रावणात तपासली. मोटरीच्या अंगात वीज उतरली तर ती जमिनीत जावी म्हणून तार पुरतात. त्या खड्ड्यात कोळसा आणि दोन टोपल्या मीठ घालायचं असतं, म्हणजे उन्हाळ्यातही ओल टिकते. शेटनं नुसता कोळसा घातला होता.

"मीठ मातीत घालू? पाप लागंल रं!"

खरं तर हिरामणचाही हात धजेना. सांडलेलं मीठ मेल्यावर पापणीनं उचलावं लागतं, हे आईनं त्याला मिठागराच्या बांधावरच शिकवलेलं. जमीन पावसानं चिंब होती, तपासणीच्या यंत्राचा काटाही जागेवर आला. त्यानं सही ठोकून दिली.

वैशाखात जमीन तडकली. मोटरीतली एक तार उघडी पडली आणि कोंडा झाडणाऱ्या राहीचा हात मोटरीला लागला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं जळून आखडली.

हिरामणला अन्न गोड लागेना. कुणी त्याला जाब विचारला नाही, तेच त्याला खाऊ लागलं. शेवटी घरचं मीठ टोपल्यांत भरून तो गिरणीवर गेला, खड्डा उकरला आणि मीठ ओतू लागला. डाव्या हातानं अंगण झाडणारी राही जवळ आली.

"दादा, तुमी तपासलंवतं म्हणून वाचले मी. शेटच म्हनला."

हिरामण मीठ ओततच राहिला. स्वतःची अशी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

काठावर थोडं मीठ सांडलं होतं. राही खाली बसली आणि आखडलेल्या बोटांनी खडे वेचायला लागली.

"सांडू नका दादा. पापणीनं उचलाया लागंल."

"ऱ्हाऊ दे, राही," हिरामण कसाबसा बोलला. "या खड्ड्यात मीठ न्हाय हे मला ठावं व्हतं. तरी सही केली मी."

राहीनं वेचलेले खडे होते तिथंच मातीवर परत टाकले, झाडू उचलला आणि आत निघून गेली.