तारेआधीचा फ्रीज

त्रिवेणीअक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होती. शहराची वीज गेली तरी फोन चालू राहतात, कारण एक्स्चेंज बॅटऱ्यांवर चालतं. त्या बॅटऱ्या तिच्या ताब्यात. हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. वर म्हणाली, "तू मराठीचा एमए ना? मग लिही कधी माझ्यावर."

लिहितोय.

नव्वदनंतरची ती वर्षं. दुकानांत फ्रीज रचून ठेवलेले असत. अक्कानं शहराच्या कडेला, दिलसुखनगरच्या पलीकडे घर बांधलं. त्या कॉलनीत खांब होते, तारा नव्हत्या. तरी तिनं फ्रीज आणला. शेजारचे केशवराव म्हणाले, "कपडे ठेवायला चांगलाय."

फ्रीज तिच्या सासऱ्यांसाठी होता. तातेराव नांदेडकडच्या खेड्यातून आलेले. गावात त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई. पुढं सारी हयात शहरात, नल्लकुंट्यात भाड्याच्या खोलीत गेली. आता एकच इच्छा होती. आंबेडकर जयंतीला, स्वतःच्या घरात, येईल त्याला स्वतःच्या हातानं गार पाणी द्यायचं. सगळ्या कॉलनीला त्यांनी आमंत्रण देऊनही टाकलं होतं.

अक्कानं शहरातल्या कोठी भागाच्या बाजारातून ट्रान्सफॉर्मर बनवून आणला आणि इन्व्हर्टर स्वतः जोडला. ट्रकच्या बॅटऱ्या दिलसुखनगरला चार्ज करून जयंतीच्या सकाळी ऑटोतून आणल्या; उतरवायला मी होतो. तिनं बटण दाबलं. फ्रीज कण्हला आणि गप्प झाला. इन्व्हर्टरही बंद पडला.

तिचा नवरा अमरदीप गच्चीवरून ओरडत खाली आला. "गाणं का बंद पडलं?"

"कोणतं गाणं?"

त्यानं गच्चीवर दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या, लाउडस्पीकर लावला होता. उन्हात दिवे आम्हाला दिसलेच नाहीत.

"कनेक्शन कुठून घेतलं?"

"तुझ्याच डब्यातून. जयंती हाय, लायटिंग नको?"

"अहो, फ्रीज उठताना बैलावाणी जोर मागतो. तुम्ही त्याच्या पाठीवर वरात बसवली!"

अमरदीपनं माळांची वायर ओढून काढली आणि बटणाकडे हात नेला. अक्कानं तो हात झटकला.

"नक्को! आता लावलं तर कॉम्प्रेसर जळंल. आतला गॅस बसू द्या."

तिनं स्टूल ओढलं आणि फ्रीजसमोर पहारा देत बसली. तातेराव येरझारा घालू लागले.

"झालं का गं?"

"मामा, तुम्ही फिरायलात म्हणून गॅस बसंना झालाय."

ते निमूट खाली बसले. तेव्हा कुठे ती उठली, बटण दाबलं. फ्रीज थरथरला आणि घुमू लागला. तातेरावांनी त्याच्या कुशीवर तळहात ठेवला, वासराच्या ठेवावा तसा. बराच वेळ काढलाच नाही.

अमरदीपनं हळूच विचारलं, "आता लावू माळा?"

"चालतील. पण बॅटऱ्या रातपर्यंत टिकणार नाहीत. दिवे का पाणी, ठरवा."

"अंधारात जयंती करायची?"

फ्रीजवरचा हात न काढता तातेराव म्हणाले, "पाणी."

संध्याकाळी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या. दारात पेट्रोमॅक्स. वंदना झाली. मग टाळ्यांच्या ठेक्यावर गाणी. लाउडस्पीकर नव्हता, म्हणून दोन गाण्यांमध्ये आतून फ्रीजची घरघर ऐकू येई.

तातेराव ट्रे घेऊन फिरत होते. स्टीलच्या ग्लासांना घाम फुटला होता. केशवरावांनी ट्रेमधला ग्लास उचलायला हात पुढे केला.

"थांबा, मी देतो," तातेराव म्हणाले. ग्लास उचलून त्यांनी केशवरावांच्या तळहातावर ठेवला. केशवराव घटाघट प्याले.

"अजून एक द्या."

"का हो, कपडे ठेवायचेत ना?" अक्का आतूनच म्हणाली. सगळे हसले, केशवरावही.

तातेराव दुसऱ्या ग्लासासाठी आत आले. अक्कानं फ्रीजचं दार उघडलं. आतला बल्ब लागला. अख्ख्या कॉलनीत विजेचा तेवढाच एक दिवा. त्याचा उजेड म्हाताऱ्याच्या तोंडावर पडला.

"घ्या, लायटिंग पाहिजे होती ना?" ती मागे उभ्या अमरदीपला म्हणाली. गारवा जातो म्हणून दिवसभर ती सगळ्यांना दार लवकर लावायला बजावत होती. आता मात्र तातेराव बाटली न काढता तसेच उभे राहिले, तरी तिनं ते लावलं नाही. दार धरून उभी राहिली.